सिरपूर, रालामंडल आणि यशवंत सागर परिसरातील लहान तपकिरी पक्षी : रंगाआधी काय पाहावे?

माळरान_इंदूर

नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की इंदुरातील आपल्या पक्षिमित्रांमध्ये एक ठरावीक छायाचित्र फिरू लागते. पाणकणसाचा दांडा, त्यावर मातकट रंगाचा इवलासा पक्षी आणि खाली प्रश्न : ‘हा कोण?’ उत्तरे चार येतात, चारही निराळी असतात, आणि दुसऱ्या दिवशी नवे छायाचित्र येते. जांभळ्या पाणकोंबड्या, चमचे, यशवंत सागर जलाशयावरचे सारस ही मंडळी एका हिवाळ्यात नावानिशी ओळखीची होतात. वटवट्या, पर्ण वटवट्या, बोरू वटवट्या, तीरचिमण्या आणि चंडोल यांच्यापाशी मात्र चांगले जाणते निरीक्षकही ‘काहीतरी बारीक होते’ एवढे म्हणून पुढे सरकतात. सैबेरियातून किंवा हिमालयातून आलेला, दहा ग्रॅमही न भरणारा पक्षी आपल्या शहरातल्या झाडावर सहा महिने काढतो आणि त्याची साधी नोंदही होत नाही, याची मला खंत वाटते. म्हणून हा धागा काढला आहे.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की, या पक्ष्यांच्या बाबतीत रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. पक्षी कुठे आहे, तो कसा हालतो आहे, कसा बोलतो आहे आणि त्याच्या अंगाची ठेवण कशी आहे, हे आधी पाहावे. आपण नेमके उलटे करतो. छायाचित्र मोठे करून पोटाचा रंग पिवळट की पांढुरका यावर वाद घालतो, आणि तो रंग सकाळच्या उन्हाने, भोवतालच्या हिरव्या पानांच्या प्रतिबिंबाने किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने ठरवलेला असतो हे विसरतो.

जागेचे उदाहरण म्हणून सिरपूरच घेऊ. होळकरांच्या राजवटीत बांधलेला हा तलाव आज शहराने वेढला आहे. २०२२ साली यशवंत सागराबरोबर त्याचाही समावेश रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला. पाण्यालगतच्या पाणकणसाकडून मागे सरकत गेले की ओलसर गवत, बेशरमीची झुडपे, बाभळी आणि मग मोठी झाडे अशा पट्ट्यांतून आपण जातो, आणि प्रत्येक पट्ट्याचा आपला असा तपकिरी पक्षी असतो. पाणकणसाच्या बुडाशी दडत फिरणारा पक्षी बहुधा बोरू वटवट्यांपैकी असतो. गवताच्या शेंड्यावर शेपटी उभारून बसणारा वटवट्या असतो. बाभळीच्या काट्यांतून आतबाहेर करणारा, राखाडी डोक्याचा आणि स्वच्छ पांढऱ्या गळ्याचा हिवाळी पाहुणा म्हणजे लेसर व्हाइटथ्रोट. उंच झाडाच्या पानोऱ्यात क्षणभरही स्थिर न राहणारा हिरवट ठिपका हा पर्ण वटवट्या. यांत अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत : चिफचॅफ हा पर्ण वटवट्यांच्या कुळातला असूनही पाण्यालगतच्या झुडपांत आणि पाणकणसातही बिनदिक्कत उतरतो. तरीही जागेच्या आधारे वीस शक्यतांच्या चार होतात, आणि चारांतून निवड करणे माणसाला जमते.

आता वटवट्यांकडे, म्हणजे ज्यांना आपले हिंदीभाषक मित्र फुदकी म्हणतात त्यांच्याकडे वळू. आपल्या भागात चार प्रमुख आहेत. राखी वटवट्या बागेत, कुंपणाच्या झुडपांत, अगदी राजेंद्रनगरच्या घरांमागेही असतो. त्याचे डोके व पाठ राखी, कुशी तांबूस, डोळा लालसर. झुडपातून एकदम उडताना तो कटकट असा ठिणगीसारखा आवाज करतो, आणि तो ऐकला की वर पाहण्याचीही गरज उरत नाही. साधा वटवट्या उघड्या गवतात, पाणकणसाच्या कडेला आणि पिकांत राहतो. फिकट भुवई डोळ्याच्या पुढे-मागे स्पष्ट दिसते, चेहरा त्यामुळे उजळ आणि सौम्य वाटतो, आणि गवताच्या टोकावर बसून तो किड्यासारखा कोरडा, एकसुरी ‘ट्लिक्-ट्लिक्-ट्लिक्’ चालू ठेवतो. या दोन्ही पक्ष्यांचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३२ साली दख्खनमधल्या नमुन्यांवरून केले, म्हणजे ही जोडी शास्त्राच्या वहीत एकत्रच दाखल झाली.

जंगली वटवट्या या दोघांपेक्षा अंगाने मोठा, जाड चोचीचा आणि खडकाळ उतारावरच्या खुरट्या झुडपांचा रहिवासी आहे. १९८९ साली अभयारण्य झालेल्या रालामंडलच्या टेकडीवर त्याला शोधावे, सिरपूरच्या पाणकणसात शोधू नये. पावसाळ्याच्या सुमारास नर झुडपाच्या अगदी शेंड्यावर येऊन मोठ्याने गातो आणि त्या दिवसांत त्याच्या शेपटीच्या कडेची पांढुरकी पिसे उडताना नजरेत भरतात. चौथा करड्या छातीचा वटवट्या सर्वांत लहान. विणीच्या काळात पांढऱ्या गळ्याखाली करडा पट्टा असतो आणि ओळख सोपी असते. हिवाळ्यात तो पट्टा जातो आणि पक्षी तपकिरी होतो. पण हिवाळ्यातच त्याची एक सवय मदतीला येते. तो टोळीने फिरतो. झुडपातून एकामागून एक सात-आठ लहान वटवट्या सरकताना दिसले, तर साध्या वटवट्याचा विचार बाजूला ठेवावा.

शिंपी हा पक्षीही या चौघांत मिसळला जातो, पण पाठ हिरवी व माथा तांबूस असल्यावर शंका राहू नये. गवताळ भागात याच घरचा आणखी एक पक्षी आहे, झिटिंग सिस्टिकोला. त्याच्या पाठीवर ठसठशीत रेघा असतात, शेपटी आखूड व पंख्यासारखी पसरणारी असते, आणि हवेत हेलकावे घेत उडताना प्रत्येक हेलकाव्याला तो एकदा ‘झिट्’ म्हणतो.

पर्ण वटवट्यांबद्दल मी मुद्दामच कमी लिहितो आहे, कारण त्या विषयाचे जाणकार इथे आहेत. त्यांनी लिहावे अशी विनंती.

रामबाग_वाडा

धाग्याबद्दल मनःपूर्वक आभार. पर्ण वटवट्यांविषयी मला जे ठामपणे सांगता येईल ते सांगतो, आणि सुरुवात आवाजापासून करतो, कारण या कुळात आवाज ही दुय्यम खूण नसून पहिली खूण आहे.

याला जुना आधार आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने आपल्या गावातले एकसारखे दिसणारे हिरवट पक्षी हे एक नसून तीन निरनिराळ्या जाती आहेत, हे त्यांच्या गाण्यावरून ओळखले. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती. चिफचॅफ हा त्या तिघांपैकी एक, आणि त्याचेच सैबेरियातील भाऊबंद हिवाळ्यात आपल्याकडे येतात. ह्यूमच्या पर्ण वटवट्याची कथाही तशीच आहे. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हा पक्षी दीर्घकाळ पिवळ्या भुवईच्या वॉर्बलरची केवळ उपजात मानला जात असे. त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळण्यात पिसांपेक्षा आवाजाचा आणि जनुकीय अभ्यासाचा वाटा मोठा आहे. नर-मादी स्वतःच एकमेकांना आवाजावरून ओळखत असतील, तर आपण पंखावरच्या पट्ट्यांवर अडून बसण्यात अर्थ नाही.

इंदुरात बहुतेकांना भेटणारा पर्ण वटवट्या म्हणजे हिरवट पर्ण वटवट्या, ग्रीनिश वॉर्बलर. रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांखाली सप्टेंबरपासून उभे राहिले की वरून ‘त्सि-ली’ असा दोन तुकड्यांचा, मध्येच मोडल्यासारखा स्वर येतो. ह्यूमचा स्वर ‘च्वीट्’ असा वर ओढलेला असतो. चिफचॅफचा ‘पीप्’ एकेरी, किंचित केविलवाणा. खडकाळ जागी आणि झाडाच्या बुंध्यावर चढउतार करणारा, गंधकी पोटाचा व ठळक पिवळ्या भुवईचा सल्फर-बेलीड वॉर्बलर मऊ, तुटक ‘क्विप्’ करतो.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती इथे नोंदवतो. हिरवट पर्ण वटवट्या हिवाळ्यातही आपली हद्द राखतो आणि तो स्वर म्हणजे शेजाऱ्याला दिलेली ताकीद असते. याचा निरीक्षकाला थेट उपयोग आहे. आज एखाद्या शिरीषाच्या झाडावर पक्षी नीट दिसला नाही, तर उद्या दुसरीकडे हिंडण्याऐवजी त्याच झाडाखाली यावे. बहुधा तोच पक्षी तिथेच असतो, आणि एकाच पक्ष्याला निरनिराळ्या प्रकाशात, निरनिराळ्या वेळी पाहिल्याने जे शिकायला मिळते ते पन्नास पक्षी ओझरते पाहून मिळत नाही.

निवृत्त_शिक्षिका

दोन्ही लेखन अतिशय उपयुक्त आहे. मात्र एक अडचण मांडते, आणि ती माझ्या एकटीची नसावी. वय झाले की उंच पट्टीतले आवाज कानाला कमी येऊ लागतात. बरोबरची तरुण मुले ‘काकू, तो बघा बोलला’ म्हणतात आणि मला केवळ पानांची सळसळ ऐकू येते. ज्यांचे कान आता साथ देत नाहीत त्यांनी पर्ण वटवट्यांचा नाद सोडावा काय? माझी तशी इच्छा नाही.

माळरान_इंदूर

काकू, नाद अजिबात सोडू नये. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग हालचालीचा. चिफचॅफ पाने चाळताना शेपटी सतत खाली झटकत राहतो, जवळजवळ प्रत्येक उडीला एकदा. त्याचे पाय आणि चोच काळी असतात आणि पंखावर पट्टा नसतो. हिरवट पर्ण वटवट्या पानोऱ्याच्या वरच्या भागात राहतो, त्याची भुवई लांब असते आणि खालची चोच फिकट नारिंगी दिसते. सल्फर-बेलीड तर पानांत कमी आणि बुंध्यावर, मोठ्या फांद्यांवर, खडकांवर जास्त असतो. पर्ण वटवट्या खडकावर उतरून किडे टिपतो आहे असे दिसले की अर्धे काम झाले. ह्यूम या सर्वांत चिमुकला, पंखावर दोन पट्टे असलेला, आणि फांदीच्या टोकाशी पंख फडफडवत क्षणभर तरंगणारा. यांतले काहीही ऐकू यावे लागत नाही.

दुसरा मार्ग मोबाईलचा. मर्लिन या पक्षी ओळखण्याच्या ॲपमध्ये आवाज टिपला की तो पडद्यावर आलेखाच्या रूपात सरकताना दिसतो. कानाला जे कळत नाही ते तिथे डोळ्याला कळते : हिरवट पर्ण वटवट्याची दुहेरी खूण आणि चिफचॅफची एकेरी वळलेली रेघ यांतला फरक थोड्या सरावाने वाचता येतो. ॲपने सुचवलेले नाव मात्र अंतिम मानू नये. आलेख पाहावा, पक्षी पाहावा, आणि मग आपण ठरवावे.

पाणकणीस

मी सिरपूरच्या ज्या पक्ष्यावरून गोंधळलो आहे त्याचे वर्णन देतो. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, पाण्यात उभे असलेले पाणकणीस, पाण्यापासून वीतभर उंचीवर. वरचे अंग सरसकट तपकिरी, त्यावर रेघ नाही. खालचे अंग फिकट, कुशीला पिवळसर झाक. शेपटी लांब नाही, पण तो ती वारंवार वर उडवत होता. भुवई पांढुरकी. आवाज एकदाच ऐकला, ‘चक्’ असा. गटात ब्लिथचा बोरू वटवट्या असे उत्तर मिळाले, पण मन मानत नाही. छायाचित्र साधेच आहे. चेहरा बाजूने दिसतो एवढेच.

रामबाग_वाडा

आपण पोटाच्या रंगाआधी जागा आणि उंची लिहिली, हे फार चांगले केले. आता चेहऱ्याविषयी तीन गोष्टी पाहून सांगाव्यात. भुवई डोळ्याच्या मागे कितपत जाते? भुवईच्या वर, माथ्याच्या कडेला गडद रेघ आहे काय? खालच्या चोचीचे टोक काळपट आहे काय?

पाणकणीस

छायाचित्र मोठे करून पुन्हा पाहिले. भुवई डोळ्याच्या मागे बरीच जाते, आणि मागेच अधिक रुंद वाटते. तिच्या वर काळसर कड आहे. पुसट आहे पण आहे. खालची चोच मुळाशी फिकट आणि टोकाशी गडद आहे. चोच एकूण आखूडच म्हणावी लागेल.

रामबाग_वाडा

मग तो ब्लिथचा नव्हे. ब्लिथच्या बोरू वटवट्याची भुवई आखूड असते, डोळ्यापुढे ठळक आणि मागे विरून जाणारी, चोच लांबट, आणि बोरू म्हटले तरी हिवाळ्यात तो पाण्यापासून दूर, झुडपांत, बागेत, घाणेरीच्या जाळीत अधिक राहतो. आपण पाहिलेला पक्षी पॅडीफील्ड वॉर्बलर आहे. पाण्यातले पाणकणीस हेच त्याचे खरे घर, आणि भुवईवरची गडद कड व काळ्या टोकाची आखूड चोच या दोन खुणा एकत्र असल्यावर मला शंका वाटत नाही. ‘चक्’ या आवाजावर फार विसंबू नये, कारण बोरू वटवट्यांपैकी बरेच जण तशाच प्रकारे टकटकतात. आवाज पहिली खूण आहे असे मी वर म्हटले ते पर्ण वटवट्यांपुरते. त्याच पाणकणसातून कर्कश, खडखडीत, लांबलेली बडबड ऐकू आली आणि पक्षी बुलबुलाएवढा निघाला, तर तो क्लॅमरस रीड वॉर्बलर समजावा. त्याला इतर कोणाशी गल्लत करण्याचे कारण नाही.

पुणे_ते_इंदूर

राखी वटवट्याविषयी विचारायचे आहे. पुण्यात वाढलो, तिथे हा पक्षी घराच्या खिडकीतून रोज दिसे आणि वर्षभर एकाच रंगात असे. इथे जानेवारीत पाहिलेल्या एका पक्ष्याची पाठ तपकिरी होती, डोळ्यावर आखूड पांढरी भुवई होती आणि शेपटीही लांब वाटली. कुशी मात्र तांबूस होती आणि उडताना तोच कटकटाट झाला. हा राखीच की दुसरा कोणी?

माळरान_इंदूर

राखीच आहे, आणि हा प्रश्न महाराष्ट्रातून माळव्यात आलेल्या प्रत्येक निरीक्षकाला कधी ना कधी पडतो. दख्खन आणि दक्षिणेकडच्या राखी वटवट्यांत ऋतूनुसार फारसा फरक पडत नाही. उत्तरेकडच्या पक्ष्यांत मात्र हिवाळ्यात पाठ तपकिरी होते, आखूड पांढरी भुवई येते आणि शेपटी लांबते. माळवा या दोन प्रदेशांच्या शिवेवर आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या अनुभवावरून लिहिलेले वर्णन इथे जसेच्या तसे लावू नये, आणि उत्तर भारताचेही लावू नये. तांबूस कुशी आणि उडतानाचा आवाज या दोन खुणा दोन्हीकडे टिकतात, त्यांवर विसंबावे.

साध्या वटवट्याची पिसे तर वर्षातून दोनदा पूर्णपणे बदलतात, जे लहान पक्ष्यांत क्वचितच आढळते. हिवाळी पोशाखात त्याची शेपटी लांब आणि रंग अधिक उबदार असतो. उन्हाळ्यानंतर शेपटी आखूड होते. एकच पक्षी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये पाहिला तर दोन जाती वाटाव्यात इतका फरक पडू शकतो. पाहुण्या पर्ण वटवट्यांत आणखी वेगळा प्रकार असतो. ते येतात तेव्हा पिसे ताजी असतात आणि हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावरचा बारीक पट्टा स्पष्ट दिसतो. पुढे पिसांच्या कडा झिजत जातात आणि मार्चपर्यंत तो पट्टा जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. ‘पट्टा नाही, म्हणून चिफचॅफ’ असा निष्कर्ष मार्चमध्ये काढू नये. छायाचित्रासोबत महिना लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

महूची_वाट

चोरल आणि पातालपाणीच्या बाजूला फिरताना आम्ही मोबाईलवर नोंदवलेला आवाज लावतो. पक्षी लगेच उघड्यावर येतो, छायाचित्र नीट मिळते आणि ओळखही पक्की होते. इतकी चर्चा करण्यापेक्षा हा मार्ग सोपा नाही काय?

निवृत्त_शिक्षिका

सोपा आहे, पण योग्य नाही, आणि हे मी स्पष्टच लिहिते. आवाज ऐकून जो पक्षी धावून येतो तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून येतो. विणीच्या दिवसांत त्याने त्या वेळी घरट्याजवळ असायला हवे होते, पिलांसाठी किडे टिपायला हवे होते. एका गटाने आवाज लावला आणि अर्ध्या तासाने दुसऱ्या गटाने तोच लावला, तर त्या जिवाची सकाळ त्यातच जाते. वर रामबाग_वाडा यांनी लिहिलेच आहे की हिरवट पर्ण वटवट्या हिवाळ्यातही हद्द राखतो. मग हिवाळा आहे म्हणून चालेल, ही सबबही उरत नाही. आपल्या ओळखीसाठी त्याला खोटी लढाई लढायला लावू नये. आवाज घरी बसून ऐकावेत, कानात भिनवावेत, आणि रानात जाऊन केवळ ऐकावे.

महूची_वाट

काकू, हा विचार केला नव्हता. आवाज नोंदवून घेऊ, लावणार नाही. रालामंडलच्या पायवाटेवर जंगली वटवट्या शोधायचा असेल तर कोणता काळ बरा, हे कोणी सांगावे.

माळरान_इंदूर

पावसाळ्याची सुरुवात. नर उघड्या शेंड्यावर बसून गातो, त्यामुळे आवाज लावण्याची गरजच पडत नाही. सकाळी लवकर जावे आणि पायवाट सोडू नये, कारण झुडपांत कमी उंचीवर घरटी असतात.

हातोदकर

आमची शेती यशवंत सागराच्या अंगाला आहे. पाणकणसापेक्षा मला रोज भेटतात ते नांगरलेल्या वावरातले आणि हरभऱ्याच्या कडेचे पक्षी. सगळे मातीच्या रंगाचे, सगळ्यांच्या अंगावर रेघा. यांत तीरचिमणी कोणती आणि चंडोल कोणता, आणि तीरचिमण्यांतही पुन्हा कोणती, हे कसे ओळखावे? वरच्या चर्चेत आवाजावर भर आहे, पण उघड्या वावरात पक्षी दुरूनच उडून जातो.

रामबाग_वाडा

दादा, उघड्या वावरात पक्षी दुरून दिसतो हा तोटा नसून फायदा आहे, कारण त्याची चाल पूर्ण दिसते. तीरचिमणी अंगाने सडपातळ, बारीक चोचीची, ताठ उभी राहून चालणारी असते, आणि थांबली की शेपटी वरखाली हलवते. चंडोल बसका, जाड चोचीचा असतो आणि जमिनीलगत वाकून चालतो. चोच आणि उभे राहण्याची ढब पाहिली की ही दोन घराणी वेगळी होतात. रेघांकडे तोपर्यंत पाहूच नये.

चंडोलांत आपल्याकडे पाहण्यासारखा आहे सायक्सचा चंडोल. तो केवळ भारतात आढळतो; माळवा आणि दख्खनचे माळ हा त्याचा खास प्रदेश. डोक्यावर टोकदार तुरा, रंग तांबूस, आणि छातीवर रेघा अगदी मोजक्या. तुरेवाला चंडोल त्याहून मोठा, फिकट व छातीवर अधिक रेघाळ असतो. मुरारी, म्हणजे ॲशी-क्राउन्ड स्पॅरो-लार्क, याचा नर काळ्या पोटामुळे लगेच कळतो. मादी चिमणीच्या मादीसारखी दिसते, पण चिमणी वावराच्या मधोमध अंग जमिनीला चिकटवून बसत नाही. उडताना पंखात तांबडा रंग झळकला आणि पक्षी हवेत चढून पंख पसरून गात गात खाली उतरला, तर तो भारतीय झुडपी चंडोल.

तीरचिमण्यांत वर्षभर राहणारी ती पॅडीफील्ड पिपिट. नाव पॅडीफील्ड वॉर्बलरसारखे असले तरी या दोघांचा काही संबंध नाही. आपल्या वावरात एप्रिल-मे महिन्यांत तीरचिमणी दिसली तर बहुधा हीच, कारण पाहुण्या जाती तोवर परततात. हिवाळ्यात मात्र पाहुण्यांची भर पडते. अशा वेळी पक्षी उठवला गेला तर कुठे जाऊन बसतो ते पाहावे. ट्री पिपिट उठली की बांधावरच्या बाभळीवर किंवा आंब्यावर जाऊन बसते. पॅडीफील्ड थोडी पुढे जाऊन पुन्हा जमिनीवरच उतरते. ट्री पिपिटच्या छातीवर ठळक रेघा असतात, कुशीवर मात्र त्या एकदम बारीक होतात. ऑलिव्ह-बॅक्ड पिपिटची पाठ हिरवट आणि जवळजवळ बिनरेघांची, डोळ्यामागे एक पांढरा व एक काळा ठिपका. ती झाडांच्या सावलीत, पाचोळ्यावर चालते, उघड्या वावरात सहसा येत नाही. टॉनी पिपिट फिकट वाळूच्या रंगाची, छातीवर फारशा रेघा नसलेली, आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ असलेली असते. ही रेघ चांगल्या दुर्बिणीतून बरीच दुरूनही दिसते.

हातोदकर

आज बांधावर उभा राहून पाहिले. हरभऱ्यातून उठलेल्या पाचांपैकी तीन पुन्हा वावरातच उतरल्या आणि दोन बाभळीवर गेल्या. बाभळीवरच्या दोघींची छाती ठळक रेघांची आणि कुशी बारीक रेघांची होती. वावरातल्या तिघींपैकी एक शेपटी सारखी हलवत होती, ती पॅडीफील्ड धरतो. उरलेल्या दोन ढेकळांआड गेल्या आणि चेहरा दिसला नाही. त्यांची नोंद कशी करावी?

माळरान_इंदूर

‘तीरचिमणी, जात अनिश्चित, संख्या दोन’ अशीच करावी. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर तिथेही जात न ठरवता केवळ पिपिट म्हणून नोंदवण्याची सोय आहे. अशी नोंद अपुरी नसते. तिच्यासोबत ठिकाण, तारीख, पीक आणि उठल्यावर पक्षी कुठे बसले हे लिहिले, तर पुढे कोणालाही तिचा उपयोग होतो. अंदाजाने लिहिलेले नाव मात्र नंतर खऱ्या नोंदींत मिसळते आणि वेगळे काढता येत नाही. बाभळीवरच्या दोन ट्री पिपिट म्हणून निःशंक लिहाव्यात. हरभरा निघाल्यावर त्याच बांधावरून पुन्हा पाहून इथे कळवावे. वावर मोकळे झाले की टॉनी दिसण्याची शक्यता वाढेल.